आपल्या बुद्धाचा चेहरा आपल्या गावात घडू द्या

मार्च लागला की आमच्या इकडं विदर्भात गावोगावच्या विहारांत आंबेडकर जयंतीच्या मीटिंगा सुरू होतात, अन हल्ली त्या मीटिंगांचा निम्मा वेळ एकाच गोष्टीत जातो, की बुद्धाची मूर्ती किती फुटाची आणायची, फायबरची की धातूची, शेजारच्या गावानं सहा फुटाची बसवली मग आपली आठ फुटाची पाहिजे, नागपूरला ऑर्डर द्यायची की कुणाच्या ओळखीनं थायलंडची मिळते का बघायचं, अन मग डीजे कोणता. वर्गणी आलेली असते कपाशी-सोयाबीनच्या पैशातून, निंदायला जाणाऱ्या बायांनी शंभर-दोनशे करून दिलेली असते. त्यामुळं खर्चाचा मुद्दा आहेच, पण मला त्याच्यापेक्षा मोठा मुद्दा दिसतो. आपला धम्म पुढच्या पिढीच्या डोळ्यासमोर कोणत्या रूपात उभा राहणार हे आपण ठरवतोय, अन ते मोबाईलवर आलेला कॅटलॉग बघून ठरवतोय.

मी मूर्तीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. कलेशिवाय कोणताही धर्म लोकांत रुजत नाही, नवा तर नाहीच नाही. माझं म्हणणं असं आहे की नव्या धम्माची कला त्याच्याच माणसांच्या हातून, त्यांच्याच मातीतून आली पाहिजे, विकत आणलेली कला दिसायला कितीही भारी असली तरी ती शिकवायचं काम करत नाही.

आपण किती नवे आहोत याचा विसर पडतो बुवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली, नंतर स्वतः लाखो लोकांना दीक्षा अन बावीस प्रतिज्ञा दिल्या, १६ तारखेला चांद्याला (चंद्रपूरला) दुसरा सोहळा झाला, अन ६ डिसेंबरला ते गेले. दोन महिने पण मिळाले नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ सुद्धा इंग्रजीतून १९५७ ला, त्यांच्या माघारी छापून आला. म्हणजे विहार कसं दिसावं, लग्नात मांडवात काय ठेवावं, घरात फोटो कुठं लावावा, पोरीनं कोणत्या रंगाची साडी नेसावी, मयताला काय म्हणावं, यातलं बरंचसं लोकांनी आपापल्या गावात, आपापल्या अकलेनं उभं केलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण ६५ लाख बौद्ध मोजले गेले, एवढ्या लोकांची रीत सत्तर वर्षांत तयार झाली अन अजून तयार होतेच आहे. आज आपण जे करू तेच अजून दोनशे वर्षांनी 'पहिल्यापासून असंच आहे' म्हणून सांगितलं जाणार.

पंचशील ध्वजाचंच घ्या. आपल्याला वाटतं हा अडीच हजार वर्षांपासूनचा असेल. तो १८८५ ला श्रीलंकेत एका समितीनं बसून तयार केला, त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा फडकवला, अन पुढं १९५० च्या आसपास जगभरच्या बौद्धांनी तो आपला मानला. म्हणून तो खोटा ठरत नाही. माणसं एकत्र बसतात, विचार करतात, रंग निवडतात, मग पिढ्यानपिढ्या त्याच्याखाली उभं राहून वंदना म्हणतात, तेव्हा कापडाचा ध्वज होतो. प्रतीकं आभाळातून पडत नाहीत, ती करावी लागतात, अन करायचा अधिकार आपल्याला पण आहे.

आता जुनं बघू. बुद्धांच्या नंतर काही शतकं त्यांची माणसाच्या रूपातली मूर्ती कुणी घडवली नाही. सांचीचा स्तूप बघा, भरहूतच्या स्तूपाचे दगड बघा, तिथं बुद्धाच्या जागी रिकामं आसन आहे, पाऊलं आहेत, चक्र आहे, बोधिवृक्ष आहे. माणसाच्या रूपातला बुद्ध आला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास, मथुरेला अन गांधाराला, म्हणजे आताच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानकडं. अन या दोन ठिकाणचे चेहरे सुद्धा एकसारखे नाहीत, मथुरेचा बुद्ध इकडच्या धिप्पाड माणसासारखा, गांधाराच्या बुद्धाच्या अंगावरच्या वस्त्राला ग्रीक धाटणीच्या चुण्या. पुढं धम्म चीन-जपानला गेला तर चेहरा तिकडचा झाला, थायलंडला गेला तर अंग सडपातळ अन डोक्यावर ज्योतीसारखी शिखा आली. जिथं गेला तिथल्या माणसांनी बुद्ध आपल्यासारखा घडवला. मग आमच्या इकडचा बुद्ध आमच्यासारखा काहून नसावा? बाहेर देशातून येणाऱ्या मूर्ती प्रेमानं आलेल्या असतात, कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानच्या मदतीनं १९९९ ला उभं झालं, तिथं गेलं की मन शांत होतं हे मी पण अनुभवलंय. पण जपानी लोकांकडून शिकायचंच असेल तर हे शिकू, की त्यांनी दुसऱ्याचा बुद्ध नुसता ठेवून घेतला नाही, आपला घडवला.

अन आपल्याकडं काय नाही? भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे, तिथं १९६९-७० ला खोदकाम झालं तेव्हा मौर्य-सातवाहन काळातले मोठाले स्तूप सापडले, दगडी खांब सापडले, बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरलेला खांब सापडला. त्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठच्या माणसांनी दगडाला पैसा दिला अन कारागिरानं त्यांचं नाव कोरलं, म्हणून आज ते नाव वाचता येतं. आता आपल्या विहाराच्या कमानीवर बघा, 'सौजन्य' म्हणून वरती एका नेत्याचं नाव, त्याचा फोटो, खाली त्याच्या कार्यकर्त्यांचे फोटो, अन ज्या बायांनी निंदणाच्या मजुरीतून पैसे दिले त्यांचं नाव कुठंच नाही. पवनीचा दगड आपल्यापेक्षा जास्त लोकशाहीवाला आहे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेणीचा लेख घ्या, ती लेणी वराहदेवानं कोरवून घेतली, तो हरिषेण राजाचा मंत्री, अन हरिषेण वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा, वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. जगभरातून लोक जी चित्रं बघायला येतात त्यांचा कर्ता-करविता वाशिमच्या गादीचा होता हे आमच्या शाळकरी पोट्ट्यांना कुणी सांगत नाही. भद्रावतीला विजासनच्या लेण्यांत डोंगर कोरून बसवलेला बुद्ध आहे, अन त्याच भद्रावतीत ग्रामोदय संघामुळं मातीकामाचं एवढं मोठं काम उभं राहिलं. एकाच गावात बुद्ध पण आहे अन मातीत हात घालणारी माणसं पण आहेत, तरी आपण मूर्ती बाहेरून मागवतो.

आता एक आक्षेप येतो तो नीट ऐकला पाहिजे, कारण तो मांडणारी माणसं प्रामाणिक आहेत. आमच्याकडचे जुने कार्यकर्ते चिडून म्हणतात, "बाबासायबानं देव सोडाले लावले, लोकायनं टोपल्यात भरून देव नदीत शिरवले, अन आता तुम्ही पुन्हा मूर्ती मांडून फुलं वाहता, मंग फरक काय राह्यला?" प्रश्न बरोबर आहे. छप्पन सालानंतर घरोघरचे खंडोबा-मरीमाय खरंच नदीत-विहिरीत गेले, ते सोपं नव्हतं, कितीक म्हाताऱ्यांनी रडत रडत केलं. पण देव गेल्यावर भिंतीतलं देवळीचं भोक तर तिथंच राहिलं ना. रिकामी जागा माणसाला सहन होत नाही. तिथं बुद्धाचा अन बाबासाहेबांचा फोटो आला, बहुतेक ठिकाणी बाजारातल्या कॅलेंडरचा कापून लावलेला, अन त्या फोटोनंच लोकांना धीर दिला की आपण नुसतं सोडून आलो नाही, काहीतरी धरलंय पण.

अन बाबासाहेबांनी तरी कलेला, विधीला नाही म्हटलं होतं का? २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी स्वतः बसवली, दीक्षेच्या पण आधी. बौद्ध पूजापाठाची पुस्तिका त्यांनीच तयार केली. बुद्धाचं चित्र त्यांनी स्वतः काढलं होतं, उघड्या डोळ्यांचं, कारण त्यांना जगाकडं बघणारा बुद्ध पाहिजे होता. म्हणजे त्यांचा विरोध मागणं मागायला अन नवस बोलायला होता. फुलाची गाथाच बघा ना, आपण रोज म्हणतो, 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं', हे फूल जसं सुकतं तसं माझं शरीर पण जाणार. ज्याला हे कळलं तो फूल वाहून लेकाची नोकरी मागूच शकत नाही. पण आमच्या विहारांत ही गाथा तोंडपाठ म्हणणारी माणसं शंभर अन अर्थ सांगणारं एखादं, त्यामुळं आता बघतो तर काही ठिकाणी नारळ पण यायला लागलेत, मूर्तीसमोर परीक्षेचं हॉलतिकीट ठेवायला लागलेत. तो दोष मूर्तीचा नाही, न सांगण्याचा आहे. जुन्या कार्यकर्त्यांची भीती खरी आहे, पण मूर्ती काढून टाकल्यानं ती भीती जाणार नाही, प्रतीकाचा अर्थ सांगणारी माणसं तयार केल्यानं जाईल.

लोकांनी स्वतः उभं केलेलं प्रतीक किती ताकदीचं असतं हे बघायचं असेल तर गावाच्या चौकातला बाबासाहेबांचा पुतळा बघा. निळा कोट, टाय, खिशाला पेन, एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचं बोट पुढं. १९६७ ला संसदेच्या आवारात उभा झालेला पुतळा असाच आहे, बोट पुढं करून, पण गावातले पुतळे काही दिल्लीला जाऊन बघून केलेले नाहीत, लोकांनी ते रूप आपलंसं केलं अन निळा रंग त्याला लोकांनीच दिला. काही शिकलेले लोक नाक मुरडतात, की पुतळा ओबडधोबड आहे, चेहरा जमला नाही, कोट एवढा गडद निळा कुठं असतो. मला त्यांना सांगायचंय की गावगाड्यात महाराच्या अंगावर काय होतं ते आठवा. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी, अन संध्याकाळी दारोदार भाकरीची हाक. नवं कापड घातलं, पायात जोडा घातला म्हणून मार खाल्लेले लोक आहेत. त्या काठीच्या जागी पेन, घोंगडीच्या जागी कोट, पसरलेल्या हाताच्या जागी ताठ केलेलं बोट. एकेक वस्तू जुन्या वस्तूला उत्तर आहे. अडाणी म्हातारीला पण हे एका नजरेत कळतं. असं नेमकं चित्र कोणत्या आर्ट कॉलेजनं दिलं असतं?

अन म्हणूनच त्याच पुतळ्याला जाळीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. आमच्या भागात बसस्टँडकडून येताना निम्मे पुतळे लोखंडी ग्रीलच्या आत दिसतील. ज्याला काही अर्थ नाही त्याची विटंबना करायला रात्री कुणी उठत नाही. अमरावती जिल्ह्यात पांढरी खानमपूरला २०२४ ला गावच्या कमानीला बाबासाहेबांचं नाव द्यायचं का यावरून एवढा वाद पेटला की माणसं गाव सोडून निघाली. त्याच वर्षी १ जुलैला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक उतरले अन सरकारला काम थांबवावं लागलं. बाहेरच्याला वाटेल की कमान काय अन पार्किंग काय. पण दीक्षाभूमीचा स्तूप आतून बघितलाय का कधी? सांचीचा स्तूप भरीव आहे, बाहेरून प्रदक्षिणा घालायची. आपला पोकळ आहे, बाबासाहेबांच्या अस्थी मधोमध अन भोवती लोक बसतात. २००१ ला तो पुरा झाला, अन माझ्या मते ही एक गोष्ट आपण खऱ्या अर्थानं आपली बांधली, जुना आकार घेऊन त्याच्यात माणसांसाठी जागा केली. तिथल्या जमिनीखाली खोदायला लागले तर लोक गप्प कसे बसतील.

गाण्याचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विदर्भात धम्म पुस्तकानं कमी अन गाण्यानं जास्त पसरला. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला अन गण-गौळणीच्या जागी नवा विचार घातला, इकडं भजनी मंडळांनी खंजेरी-एकतारी तीच ठेवून शब्द बदलले. अन आमच्या इकडची खरी शाळा म्हणजे कव्वालीचा दुय्यम सामना. दोन पार्ट्या समोरासमोर, एक पार्टी गाण्यातून सवाल टाकणार, की सिद्धार्थानं घर सोडलं ते म्हातारा-आजारी-प्रेत बघून की रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणावरून, अन दुसऱ्या पार्टीला ग्रंथाचा आधार देऊन गाण्यातच जवाब द्यावा लागणार, लोक पहाटेपर्यंत चादरी पांघरून बसणार अन जवाब चुकला तर समोरून ओरडणार. ज्या माणसानं शाळेचं तोंड बघितलं नाही त्याला सिद्धार्थानं घर सोडण्याची जुनी कथा बाबासाहेबांनी का नाकारली हे या सामन्यांमुळं माहीत आहे. आता त्या जागी डीजे आलाय. तीच पाच-सहा गाणी, छाती हादरवणारा आवाज, सवाल नाही अन जवाब पण नाही. पोरं नाचतात याचं मला वाईट वाटत नाही, वर्षातून एक दिवस गावाच्या मेन रोडवरून ताठ मानेनं नाचत जाणं ही पण एक गोष्ट आहे अन ती कमी नाही. पण डीजेच्या एका रात्रीच्या पैशात दोन कव्वाली पार्ट्या येतात, अन हे आमच्या समित्यांना माहीत असून पार्ट्या बोलावल्या जात नाहीत, गाणारे लोक आता सेंट्रिंगच्या कामावर जातात.

एक भिंत सांगतो. वर्धा नदीकडच्या एका गावात जुन्या विहारात एका पेंटरनं आतल्या भिंतीवर सुजाता काढली होती. सुजाताला त्यानं लुगडं नेसवलं होतं, आमच्या मायबहिणी शेतात जाताना कासोटा घालतात तसं, हातात खिरीचा पितळी गंज, म्हणजे भांडं, अन बुद्ध बसलेला पिंपळाखाली, हडकुळा, बरगड्या दिसणारा, मागं कपाशी फुटलेली. बुद्धाच्या चेहऱ्याचा रंग उन्हात काम करणाऱ्या माणसाचा. एक आजी नातवाला त्या भिंतीपाशी उभं करून सांगत होत्या, "हे सुजाता होय, हिनं खीर देल्ली तवा बुद्धाच्या अंगात ताकद आली, उपाशी राहून कोनाले काई भेटत नाही." उपास-तापास करू नका हे सांगायला यापेक्षा सोपा धडा मी ऐकलेला नाही. नंतर विहाराचा जीर्णोद्धार झाला, निधी आला, भिंतीवर चकचकीत टाइल्स बसल्या अन त्याच्यावर सोनेरी बुद्धाचा फ्लेक्स. स्वच्छ दिसतं, फोटो चांगला येतो. पण त्या टाइल्सपाशी उभं राहून नातवाला सांगण्यासारखं काही उरलं नाही. फ्लेक्सवरच्या बुद्धाला भूक लागलेली दिसत नाही.

कुणी म्हणेल की शेतकरी आत्महत्या करतोय, पोरांना नोकऱ्या नाहीत, अन तुम्हाला भिंतीवरच्या चित्राचं पडलंय. मला दोन्हीचं पडलंय. जो समाज आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगत नाही त्याची गोष्ट दुसरा सांगतो, अन तो त्याच्या सोयीची सांगतो. बुद्धाला नववा अवतार करून टाकणारी गोष्ट अशीच पसरली, चित्रांतून, कीर्तनांतून, टीव्हीवरून. बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा त्याच्याच विरोधात आहे, पण भिंतीवर लिहिलेल्या प्रतिज्ञेपेक्षा टीव्हीवरचं चित्र पोरांच्या डोक्यात जास्त बसतं. त्याला उत्तर चित्रानंच द्यावं लागेल.

करता येण्यासारखं आहे म्हणून सांगतो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतोच, तीन महिने, अन तिथं महिला मंडळाच्या बायाच जास्त असतात. त्या वाचनातला एक प्रसंग दर आठवड्याला पोरांनी भिंतीवर काढायचा, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत एक अख्खी भिंत होते. त्याच प्रसंगावर ज्याला जमेल त्यानं गाणं बांधायचं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत लोक तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात, तिकडच्या गावांनी दरोडेखोराचा भिक्खू झालेल्या अंगुलिमालावर, नवरा-लेकरं गमावून भिक्खुणी झालेल्या पटाचारेवर नाटक बसवायला काय हरकत आहे? गडचिरोली-चांद्याकडं बांबूचं काम करणारे हात आहेत, विहाराची कमान बांबूची काहून नको? अन मूर्ती पाहिजेच असेल तर नागपूरच्या चितारओळीत, जिथं मूर्तिकार बसतात, नाहीतर भद्रावतीत जाऊन कारागिराला सोबत बसवा, त्याला सांगा की डोळे उघडे ठेव, रंग सोनेरी नको, अन आधी मातीचा नमुना दाखव, गाव बघेल, बाया बघतील, चेहरा पटला तरच पुढं जा. मूर्ती चार फुटाची झाली तरी चालेल. खाली दगडावर वर्गणी देणाऱ्या सगळ्यांची नावं कोरा, पवनीसारखी, पन्नास रुपयेवाल्याचं पण.

आमच्यात कलाकार कुठं आहेत असं जे म्हणतात त्यांनी आपल्याच तालुक्याच्या गावी जाऊन जुने पेंटर शोधावेत. फ्लेक्सनं त्यांचा धंदा खाल्ला, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी गावोगावच्या भिंतींवर जो बुद्ध अन जो बाबासाहेब होता तो त्यांच्याच हातचा. बरेचसे आता साठीच्या पुढं गेलेत, नजर कमी झालीये, हात अजून चालतो. त्यांच्या हाताखाली दोन पोट्टे अन दोन पोरी याच वर्षी बसवल्या पाहिजेत, अन समितीनं त्यांना धम्मकार्य म्हणून फुकट राबवू नये, गवंड्याला जेवढी रोजी देतो तेवढी पेंटरला द्यावी अन रंगाचा खर्च वेगळा.